विहिणीने दिलेलं मलम

त्या उन्हाळ्यात केरिंगल गावातल्या निम्म्या लोकांना हेझल ट्रुसकॉटच्या हातांची स्वतःच्या हातांपेक्षा जास्त माहिती होती. आज किती लाल आहेत, फोड कुठपर्यंत आले, करंगळी मिटते की नाही, याची चर्चा पोस्टात, खाटकाकडे आणि चर्चच्या पायरीवर चालायची. गाव लहान होतं, माणसांपेक्षा गायी जास्त, आणि टेलिव्हिजन अजून मोजक्याच घरांत पोचला होता. तेव्हा हात तर हात.

सगळं सुरू झालं ते केकपासून. हेझलची एकुलती एक लेक लोर्ना, तिचं लग्न मार्चअखेरीच्या शनिवारी ठरलं होतं, आणि आमच्या बाजूला तेव्हा लग्नाचा केक मुलीच्या आईनेच करायचा असे. विकतचा केक आणणं म्हणजे शेजारणीचा झगा घालून मुलीला चर्चमध्ये धाडण्यासारखं होतं. केक तीन मजली, आत ब्रँडीत मुरवलेला सुकामेवा, वर साखरेचं पांढरंशुभ्र आवरण, आणि आवरणावर साखरेचीच फुलं. ही फुलं साच्यातून काढायची नसत. साखरेचा लगदा मळायचा आणि एकेक पाकळी बोटाच्या पेरांनी दाबत दाबत पातळ करायची, इतकी की उजेडाकडे धरली तर पलीकडची खिडकी दिसावी. हेझलच्या पाकळीतून खिडकीच काय, बाहेरच्या तारेवर बसलेला पक्षीसुद्धा दिसतो, असं ती स्वतः कधी म्हणाली नाही. तिचा नवरा क्लॅरी म्हणायचा, आणि ती त्याला अडवायची नाही.

गावच्या प्रदर्शनात साखरेच्या फुलांचं पहिलं बक्षीस दरवर्षी हेझलला. मिसेस बीटी वर्षानुवर्षं दुसऱ्या यायच्या. शेवटी कंटाळून त्या परीक्षक झाल्या.

लोर्नाला चाफा हवा होता. पांढरा, पोटात पिवळी झाक असलेला. आमच्या गारठ्यात चाफा झाडावर कुणी पाहिलेला नव्हता. क्वीन्सलँडहून आलेल्या पोस्टकार्डांवर पाहिला होता, आणि तेवढ्या ओळखीवर तो सगळ्या नवऱ्या मुलींचा लाडका होता.

आता नवरा मुलगा. डग रॉबक. मुलगा सोन्यासारखा, पण गोठ्यातला. क्लॅरी बँकेत अकाउंटंट, आणि बँकेतली माणसं त्या काळी गावात राहूनही गावाच्या बोटभर वर राहायची. हेझल मटण आणायलासुद्धा हातमोजे घालून जायची. साखरपुड्याच्या चहाला ती रॉबकांच्या घरी गेली तेव्हा फाटकापाशी एका वासराने तिचा हात, मोज्यासकट, मनापासून चाटला. वरमाय डल्सी रॉबक दारातून ओरडली, "अगं हेझल, आवडलीस तू त्याला! तो सगळ्यांना नाही चाटत!"

"किती गोड आहे हो, मिसेस रॉबक," हेझल म्हणाली आणि घरी येईपर्यंत तो हात गाडीच्या खिडकीबाहेर धरून बसली. डल्सीचं 'अगं हेझल' तिला त्या चाटण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

जानेवारी म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा, आणि तो त्या वर्षी कडक निघाला. भांड्यांचा सोडा, साखर, गरम वारा यांनी हेझलचे हात कोरडे पडले, पेरांना बारीक भेगा गेल्या. अर्धी फुलं झाली होती. पण भेगाळलेल्या पेराने पाकळी ओढली की तिच्यावर ओरखडा उठतो, आणि ओरखडा उठलेला चाफा मिसेस बीटींना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसला असता.

डल्सी एक दिवस अंडी घेऊन आली, तिने ते हात पाहिले आणि दुसऱ्या दिवशी एक डबा आणून टेबलावर आपटला. रंगाचा असतो तेवढा डबा, आणि झाकणावर गायीचं चित्र.

"हे लाव. दोन वेळा, चोळून."

"हे काय आहे?"

"गायीच्या सडांना लावतो आम्ही. भेगा पडल्या की. दूध काढून झालं की त्याच हाताने आपल्याही हातांना लावायचं. हे बघ माझे हात! बावीस वर्षं दूध काढतेय, आहे का एक तरी भेग?"

डल्सीचे हात खरंच मऊ होते. फावड्याएवढे, पण मऊ. आमच्याकडच्या साऱ्या गवळी बायकांचे तसे असत, आणि सगळ्यांच्या न्हाणीघरात हाच डबा असे. हेझलने आभार मानले, डबा मागच्या धुण्याच्या खोपटात नेऊन ठेवला, आणि क्लॅरीला सांगितलं, "आता एवढंच राहिलं होतं. मला गाय समजून औषध देतात."

ही गोष्ट ती दोन दिवस येईल-जाईल त्याला सांगत होती. तिसऱ्या दिवशी क्लॅरी बँकेत आणि लोर्ना शाळेत शिकवायला गेलेली असताना ती खोपटात गेली, झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं, परत उघडलं. मग ड्रेसिंग टेबलावरची रिकामी गुलाबी काचेची बाटली धुऊन तिच्यात ते पिवळसर मलम भरलं आणि वर लॅव्हेंडरच्या पाण्याचे चार थेंब टाकले. घरात कुणी विचारलंच, तर कोल्ड क्रीम.

आठवडाभर हातांनी कमाल केली. भेगा भरल्या, पेरं लोण्यासारखी झाली. एका दुपारी तिने चाफ्याची पाच फुलं केली आणि खिडकीत उभं राहून प्रत्येक पाकळीतून बराच वेळ बाहेर पाहिलं.

मग बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मग लाली आली, लालीवर बारीक पाणेरी फोड आले, आणि फोड फुटून हात चिघळले. हेझलने विचार केला की मलम कमी पडतंय. दोन वेळा होतं ते चार वेळा लावायला लागली. हात उकडलेल्या खेकड्यासारखे झाले.

आता गाव मदतीला धावलं. मिसेस बीटींनी व्हिनेगरमध्ये हात बुडवायला सांगितलं. व्हिनेगर लागल्यावर हेझलने जी किंकाळी फोडली, ती ऐकून शेजारच्या म्हाताऱ्या मिस्टर गिलींनी आगीचा बंब बोलावला. खाटकाने मेंढीची चरबी पाठवली, पैसे न घेता, आणि ती चरबी वासाच्या मागावर आलेल्या कुत्र्यांनी व्हरांड्यातून पळवली. पाद्रीसाहेबांनी सहनशीलतेवर प्रवचन दिलं आणि सबंध प्रवचनभर तिच्या हातमोज्यांकडे पाहिलं.

पोस्टात उभी असताना कुणीतरी विचारलं, "पण झालं कशाने हो?" हेझलला काहीतरी सांगणं भाग होतं. गुलाबी बाटलीचं सांगण्यापेक्षा ती हात तोडून देऊ शकली असती. ती म्हणाली, "काय सांगू, रॉबकांच्या वासराने हात चाटला ना, तेव्हापासून काहीतरी बिघडलंय."

एवढंच म्हणाली. पण पोस्टाला लागूनच टेलिफोन एक्स्चेंज होतं, आणि तिथे ऊना स्केरी बसायची. त्या काळी आकडे फिरवायचे नसत. रिसीव्हर उचलायचा, ऊना विचारायची कोण हवंय, आणि जोडून द्यायची. जोडून दिल्यावर तिने कानावरचा हेडफोन काढून ठेवायचा, असा सरकारी नियम होता. तो नियम ऊनाच्या डोक्यावरच्या भिंतीवर चौकटीत लावलेला होता आणि ऊना त्याच्याकडे पाठ करून बसायची. संध्याकाळपर्यंत वाक्य असं झालं होतं की रॉबकांच्या गायींना काहीतरी साथ आहे आणि ती माणसांना लागते. दुसऱ्या दिवशी लोण्याच्या कारखान्याने रॉबकांचे दुधाचे कॅन बाजूला ठेवले. तिसऱ्या दिवशी सरकारी पशू निरीक्षक मिस्टर क्रम्प मोटारीतून उतरले.

मिस्टर क्रम्प कर्तव्यदक्ष होते. त्यांनी रॉबकांची एकेक गाय पाहिली, काही सापडलं नाही, आणि त्यामुळे त्यांचा संशय वाढला. मग ते ट्रुसकॉटांच्या घरी आले. त्यांच्याकडे छापील कागद एकाच प्रकारचा होता आणि तो जनावरांसाठी होता.

"बाधित जनावराचा रंग?" त्यांनी पेन काढून विचारलं.

"अहो, मी बसलेय ना समोर!" हेझल म्हणाली.

"रकाना रिकामा ठेवता येत नाही, बाई. गोरा लिहितो. कानातला बिल्ला?"

"मोत्याचे डूल आहेत," क्लॅरी मदत करायला म्हणाला.

"शेवटची वीण कधी?"

"लोर्ना," क्लॅरी विचार करून म्हणाला, "म्हणजे तेवीस वर्षं होतील हिवाळ्यात."

"दूध?"

हेझल उठली आणि आत गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं क्लॅरीला जेवताना भात-बटाटा काहीही हवं असलं तरी स्वतःच वाढून घ्यावं लागलं.

कागद पुरा झाला, पण मिस्टर क्रम्प म्हणाले की बाईंच्या हाताला नेमकं काय झालंय हे तज्ज्ञ डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय कारखान्याला दूध घ्या असं सांगता येणार नाही. रॉबकांकडे दोन वेळचं दूध डुकरांना पाजणं सुरू झालं. डल्सीचा नवरा बर्ट हा वर्षाला दहाबारा वाक्यं बोलणारा माणूस. त्यातलं एक तो त्या आठवड्यात बोलला. "डुकरं खूष आहेत," तो डगला म्हणाला, "आपल्याकडून लग्नाला तीच येतील."

लोर्ना त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन आईसमोर बसली. रडून डोळे हेझलच्या हातांच्या रंगाचे झाले होते. "आई, डगचे बाबा येणार नाहीत म्हणतात. डग म्हणतो, बाबा येणार नसतील तर तारीख पुढे ढकलू. आणि एकदा ढकलली की..." पुढचं तिने टेबलक्लॉथला सांगितलं. फडताळात ब्रँडीचा वास घेऊन तीन केक बसले होते, त्यांच्या शेजारी खोक्यात कापसावर अर्धी फुलं. हेझलला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. पण आधी आपले साधे डॉक्टर आहेत की, त्यांना दाखवू, असं मनाशी म्हणून तिने ते टाळलं.

डॉक्टर पाइकनी चष्म्यातून आणि चष्म्यावरून पाहिलं आणि एक पांढरं मलम लिहून दिलं. केमिस्ट मिस्टर ऑर्मरॉडनी ते पांढऱ्या चिनी मातीच्या डबीतून, रिबीन बांधून दिलं. हेझलला फार बरं वाटलं. बँकेच्या अकाउंटंटच्या बायकोने लावावं असं ते मलम दिसत होतं. आता सकाळ-संध्याकाळ पांढरं आणि मध्ये मध्ये गुलाबी बाटलीतलं, असा दुहेरी उपचार सुरू झाला. आठवड्याने तिला कपाची दांडी धरता येईना. डॉक्टर पाइक म्हणाले, "हं," आणि त्यांनी मेलबर्नच्या कातडीच्या तज्ज्ञाला चिठ्ठी दिली.

बँकेत हिशेबतपासनीस आले होते, क्लॅरीला निघता येईना. गाडीच्या वेळी हेझल स्टेशनवर एकटी पोचली, तर फलाटावर डल्सी रॉबक. डोक्यावर चर्चची हॅट, एका हातात सँडविचचा डबा, दुसऱ्या हातात दुधाची बाटली, आणि काखोटीला कागदाची पुडी.

"मिसेस रॉबक, तुम्ही कुठे?"

"तुझ्याबरोबर. माझ्या गायींच्या वतीने."

"आणि हे काय?"

"दूध आणि केस. सगळ्या गायींचे थोडे थोडे. वासराचे पण आहेत. त्या डॉक्टरला म्हणावं, लाव काय लावायचं ते, आणि एकदा काय तो निकाल दे."

मेलबर्नपर्यंत दोघी समोरासमोर बसून खिडकीबाहेर बघत गेल्या. अर्ध्या वाटेत डल्सीने सँडविच पुढे केलं. हेझलला ते धरता येईना. डल्सीने ते तिच्या मोज्यांतल्या तळहातावर नीट बसवून दिलं आणि परत बाहेर बघायला लागली.

तज्ज्ञ डॉक्टर वेदरॉल वाळक्या अंगाचे, वाळक्या आवाजाचे होते. हाताला लागणारी प्रत्येक वस्तू आणा, असा त्यांचा निरोप होता, म्हणून हेझलने साबण, सोडा, साखर, पीठ, डॉक्टर पाइकांचं मलम अशी पिशवी आणली होती. गुलाबी बाटली आणावी की नाही यावर ती दोन दिवस भांडली होती, स्वतःशीच. शेवटी ती पिशवीच्या तळाशी गेली, रुमालात गुंडाळून.

"आणि हे?" डॉक्टरनी रुमाल सोडला.

"कोल्ड क्रीम," हेझल म्हणाली. डल्सी बाहेर बसली होती.

प्रत्येक वस्तूचा कणभर नमुना छोट्या कापडी चौकोनाखाली घालून डॉक्टरनी तिच्या पाठीवर चिकटवला, त्यांत गायींचे केस आणि दूधही आलं. शिवाय स्वतःच्या कपाटातल्या बाटल्यांतली काही रसायनं लावली. हेझलची पाठ टपाल कचेरीतल्या तिकिटांच्या कागदासारखी दिसायला लागली. दोन दिवस पाणी लावायचं नाही, खाजवायचं नाही, मग या.

ते दोन दिवस दोघी डल्सीच्या बहिणीकडे राहिल्या. पत्र्याचं घर, आणि मेलबर्नमध्ये त्या आठवड्यात चिमण्या झाडावरून चक्कर येऊन पडत होत्या. पाठीवर दोनतीन चौकोन पेटले होते आणि हेझलला रडू येत होतं. डल्सी तिच्या मागे स्टूल घेऊन बसली, वर्तमानपत्राने वारा घालत.

"खाजवू नकोस."

"मी कुठे खाजवतेय?"

"खुर्चीला पाठ घासतेयस. आमच्या गायी खांबाला घासतात तशी. मला कळतं."

"मिसेस रॉबक, प्रत्येक वेळी मला गायीची उपमा द्यायलाच हवी का?"

"चांगल्या गायीची देते की," डल्सी म्हणाली आणि वारा घालत राहिली. रात्रीच्या जेवणाचं मटण तिने हेझलला चमच्याने खाता येईल एवढं बारीक कापून दिलं. विहिणीच्या हातून असं जेवायची वेळ केरिंगलमध्ये कुणा मुलीच्या आईवर आली नसेल.

निकालाच्या दिवशी डल्सी आत आली आणि कुणी सांगायच्या आधी खुर्चीवर बसली. डॉक्टरनी एकेक चौकोन काढला. "गायीचे केस, काही नाही. वासराचे, काही नाही. दूध, काही नाही."

"लिहून द्या," डल्सी म्हणाली.

"साबण नाही, पीठ नाही. हा इथे मात्र भडकलाय. हे तुमच्या गावच्या डॉक्टरचं पांढरं मलम. आणि इथे त्याहून जास्त. ही ती गुलाबी बाटली. आणि हा तिसरा, हे माझं रसायन. क्लोरोक्रेसॉल." ते हात धुऊन बसले. "मलम नासू नये, त्यात जंतू होऊ नयेत म्हणून घालतात. पुष्कळ मलमांत असतं. बहुतेकांच्या कातडीला काही होत नाही. पण एखादीच्या कातडीचं त्याच्याशी एकदा वाकडं आलं की आलं. कातडी विसरत नाही. पन्नास वर्षांनी लावा, ओळखेल. तुम्ही हात बरे व्हावेत म्हणून जे लावत होता, त्यानेच हात जात होते. पण हे कोल्ड क्रीम कुठल्या कंपनीचं? नाव कळायला हवं." त्यांनी झाकण उघडलं.

खोलीभर वास पसरला. वर लॅव्हेंडर, आणि लॅव्हेंडरच्या खाली तेच. बावीस वर्षं रोज दोन वेळा घेतलेला वास डल्सीला सांगावा लागला नाही. तिने बाटलीकडे पाहिलं, हेझलकडे पाहिलं. हेझलने जमिनीकडे.

"माझ्याकडचं आहे ते, डॉक्टर," डल्सी म्हणाली. "मीच दिलं बाटलीत भरून. त्यांना कुठून माहीत असणार आत काय आहे ते?"

डॉक्टरनी लिहून घेतलं.

परतीच्या गाडीत दोघी पुन्हा समोरासमोर बसल्या. मग डल्सी म्हणाली, "लॅव्हेंडर?"

"वास जावा म्हणून."

"नाही गेला."

"माहीत आहे."

"मलम लावलंस त्याचं मला काही नाही," डल्सी खिडकीकडे बघत म्हणाली. "मीच दिलं होतं. माझ्या हाताला सोसतं ते तुझ्या हाताला सोसलं नाही, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? पण लावायचं माझं, आणि नाव घ्यायचं माझ्या वासराचं! एवढी लाज वाटली? हाताला गोठ्याचा वास राहील म्हणून?"

हेझलला पुष्कळ उत्तरं सुचली आणि सगळी खोटी होती. "हो," ती म्हणाली. "अगदी तेवढ्यासाठीच."

डल्सीने मान हलवली. थोड्या वेळाने तिचे खांदे हलायला लागले. हेझल घाबरली, पण डल्सी रडत नव्हती. "म्हणजे तुमच्या त्या डॉक्टर पाइकने," ती हसू आवरत म्हणाली, "रिबीन बांधून तुला तेच दिलं, जे आमच्या गायींच्या डब्यात असतं!"

मेलबर्नच्या डॉक्टरचा कागद मिळाल्यावर मिस्टर क्रम्पनी कारखान्याला कळवलं आणि दूध परत घेतलं जाऊ लागलं. पण बर्ट रॉबकचं म्हणणं एवढंच, की कागद कारखान्याने वाचला, गावाने कुठे वाचलाय? चर्चमध्ये लोक त्यांच्या बाकापासून अजून दोन बाकं सोडून बसत होते. अशा चर्चमध्ये तो मुलाला घेऊन उभा राहणार नव्हता. लग्नाला दोन आठवडे उरले होते.

हेझलने दुपारभर विचार केला. मग तिने चांगला झगा घातला, डूल घातले आणि कोपराने रिसीव्हर उचलला.

"ऊना, मला मिसेस रॉबक जोडून दे."

जोडलं गेलं. तारेत तो नेहमीचा बारीक श्वास ऐकू आला. हेझलने आवाज चढवला, शाळेतल्या बक्षीस समारंभाला चढवतात तसा.

"डल्सी? मी हेझल. ऐक. तुझ्या गायींना काही झालेलं नाही आणि कधी नव्हतं. तू दिलेलं सडांचं मलम मी चोरून, गुलाबी बाटलीत घालून, दिवसातून चार वेळा हातांना लावत होते. त्यातलं एक औषध माझ्या कातडीला चालत नाही. तेच डॉक्टर पाइकांच्या मलमातही आहे. वासराचा काही दोष नाही. ऐकलंस?"

"ऐकलं," डल्सी म्हणाली. "अगं, पण मला तर सगळं..."

"तुला नाही सांगत. ऊना, तू ऐकलंस ना?"

तारेवर काहीतरी खडखडलं. मग ऊना स्केरीचा दुखावलेला आवाज आला, "मी कधी कुणाचं ऐकत नाही, मिसेस ट्रुसकॉट. चार वेळा म्हणालात की पाच?"

चहाच्या वेळेपर्यंत गावात ज्याला त्याला ठाऊक होतं. खाटक हेझलला बघून हळूच हंबरला. मिस्टर ऑर्मरॉडनी गायीचा डबा दुकानाच्या खिडकीत मांडला, शेजारी लॅव्हेंडरचं पाणी ठेवून. हेझल सगळ्यांच्या समोरून मान ताठ ठेवून गेली आणि घरी आल्यावर गादीत तोंड खुपसून पडली. रविवारी बर्ट चर्चमध्ये आला आणि त्याच्या पुढच्या-मागच्या बाकांवर जागा उरली नाही.

लग्न ठरल्या दिवशी होणार होतं. पण दोन्ही मलमं थांबवली तरी हात एवढ्यात कुठले बरे व्हायला! फुलं अजून अर्धीच होती. सुती मोजे घालून पाकळी करावी तर धागे चिकटत, रबरी घालावे तर बोटाला काही कळत नसे. मिसेस बीटींनी "हवं तर माझी जुनी फुलं आहेत" असा निरोप पाठवला, त्याचं उत्तर हेझलने दिलं नाही.

"मला सांग कसं करायचं ते," डल्सी म्हणाली आणि बाह्या सरसावून बसली.

पहिल्या दिवशी जे झालं त्याला चाफा म्हणता आलं नसतं. डल्सीचे हात गरम. लगदा वितळायचा, पाकळी अंगठ्याला चिकटून यायची.

"हळू! डल्सी, सड नाही ते, पाकळी आहे."

"सडाला हात लावताना मी एवढी घाबरत नाही!"

"पातळ कर अजून. अजून. फाटली!"

"तूच म्हणालीस पातळ!"

डल्सी थंड पाण्यात हात बुडवून यायची आणि पुन्हा बसायची. हेझल मांडीवर पट्ट्या बांधलेले हात ठेवून समोर बसायची आणि प्रत्येक पाकळीबरोबर तिची स्वतःची बोटं हवेत हलायची. गप्पा आधी पाकळ्यांच्या झाल्या, मग लोर्ना-डगच्या लहानपणच्या, मग ज्या गोष्टी बायका फक्त हात कामात असताना बोलतात त्या. शेवटी पुरेशी फुलं झाली. पाकळ्यांतून खिडकी दिसत नव्हती. उजेड असल्याचं तेवढं कळत होतं.

लग्नाच्या दिवशी सभागृहात केक मधोमध उभा होता. हेझलने आपली नाजूक फुलं समोरून लावली होती, डल्सीची मागच्या बाजूला भिंतीकडे. मिसेस बीटी आल्या त्या थेट भिंतीकडून. त्यांनी चष्मा लावला, वाकल्या, मग पुढे येऊन पुन्हा वाकल्या. आजूबाजूच्या बायका कपातला चहा न ढवळता उभ्या राहिल्या.

"हेझल," मिसेस बीटी म्हणाल्या, "हे दोघींच्या हातचं काम आहे. ही पुढची फुलं म्हणजे, काय बोलावं! आणि ही मागची... ही कोबीची पानं कुणी केली?"

डल्सीच्या मानेवर लाली चढली. तिने बोलायला तोंड उघडलं. हेझलने तिच्या बुटावर आपली टाच ठेवली आणि जोर दिला.

"कोबी माझा," हेझल म्हणाली. "माझे हात बघताय ना तुम्ही! त्यांनी आणखी काय होणार? ही पुढची सगळी डल्सीने केली. पहिल्यांदाच हात लावला हो तिने."

मिसेस बीटींनी डल्सीच्या फावड्याएवढ्या हातांकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसला. बर्ट रॉबकने त्या वर्षातलं शिल्लक राहिलेलं एक वाक्य तिथे खर्च केलं. "घरात कधी बोलली नाही," तो म्हणाला.

सोमवारी दूध काढून होतं न होतं तोच डल्सी ट्रुसकॉटांच्या स्वयंपाकघरात उभी होती, हातात साखरेची पिशवी. "मुडीबाईंची मुलगी मे महिन्यात उजवतेय. टर्नरांची ऑगस्टमध्ये. दोघींना 'मिसेस रॉबकची फुलं' हवीत. काल चर्चमध्ये धरलं मला! आता?"

"आता काय?"

"खोटं तू बोललीस, फुलंही तूच कर. मी साखर मळून देते."

मेपर्यंत हेझलचे हात बरे झाले. त्यानंतर कितीतरी वर्षं केरिंगलमधल्या मुली 'मिसेस रॉबकच्या फुलांनी' सजलेले केक कापून सासरी गेल्या. गुरुवारच्या दुपारी डल्सी लगदा मळायची आणि हेझल पाकळ्या करायची. हेझलने याबद्दल बाहेर कधी चकार शब्द काढला नाही. फक्त एखाद्या लग्नात कुणी डल्सीच्या बोटांचं फारच कौतुक करायला लागलं, की ती न विचारता स्वतःच्या ताटलीत केकचा आणखी एक तुकडा वाढून घ्यायची, आणि तो नेहमी मोठा असायचा.